आजीच्या डब्यातले बंदे रुपये

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक आवाज ऐकवते. जरा कान देऊन ऐका.

(टेबलावर नाणं वाजल्याचा आवाज)

ऐकलात? किती वेळ घुमला बघा. आता हे आजच्या पाच रुपयाच्या नाण्याचं ऐका.

(दुसरं नाणं वाजल्याचा आवाज)

हे पडलं आणि गप्प झालं. पहिला आवाज होता १९१८ सालच्या चांदीच्या रुपयाचा. माझ्या आजीचा रुपया. आमच्याकडे त्याला कलदार म्हणत, कोणी बंदा रुपया म्हणत, आणि ज्यावर राणी व्हिक्टोरियाचं चित्र असेल तो राणीछाप. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असे एक-दोन तरी असतील. देव्हाऱ्यात असतील, नाहीतर धनत्रयोदशीला बाहेर काढायच्या डबीत. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे. वर्षातून एकदा हळदकुंकू लावून आपण ते परत ठेवून देतो, पण आपल्याकडे काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. आणि माहीत नसलं की नुकसान होतं. ते माझंही झालं आहे. ते सांगतेच.

माझी आजी नागपूरपासून दोन तासांच्या एका खेड्यात राहायची. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. मजुरी आण्यांत मिळायची. सोळा आणे साठले की ती वाण्याकडे जाऊन त्यांचा एक बंदा रुपया करून आणायची आणि पितळी डब्यात टाकायची. असे तिचे एकवीस रुपये झाले. एकवीस रुपये जमवायला तिला किती हंगाम लागले असतील, त्याचा हिशेब मी कधी करू शकले नाही.

तिला अक्षर येत नव्हतं, पण रुपये ओळखू यायचे. तिनं त्यांना नावं ठेवली होती. व्हिक्टोरिया ती ‘राणी’. सातवा एडवर्ड, ज्याच्या डोक्यावर मुकुट नाही, तो ‘बोडखा’. पाचवा जॉर्ज, दाढी आणि मुकुट दोन्ही असलेला, तो ‘दाढीवाला’. आणि सहावा जॉर्ज, बिनदाढीचा, तो ‘पोरगा’. मी लहानपणी विचारायची, ‘आजी, यातला चांगला कोणता?’ ती म्हणायची, ‘पोरगा हलका हाय वं. त्याच्यात दम नाही.’

मला वाटायचं, ती गंमत करते. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की आजी अगदी बरोबर होती.

त्याचं असं आहे. १८३५ साली कंपनी सरकारनं सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे साधारण ९१.७ टक्के. हे ११.६६ ग्रॅम म्हणजेच एक तोळा. आपण ‘तोळा’ म्हणतो ते वजन आणि रुपयाचं वजन एकच होतं. म्हणून जुन्या काळी दुकानदार रुपये टाकून वजन करत. ऐंशी रुपयांचा एक शेर. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज, या सगळ्यांच्या रुपयांत चांदी तेवढीच राहिली. मग दुसरं महायुद्ध आलं, चांदी कमी पडू लागली, आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, पण चांदी अर्धी. १९४७ मध्ये तर चांदी पूर्णच गेली आणि निकेलचा रुपया आला. म्हणजे आजीचा ‘पोरगा’ खरोखरच दमाचा नव्हता! आजीनं तो कसा ओळखला? आवाजावरून आणि रंगावरून. हातातून शेकडो नाणी गेलेल्या बाईला तेवढं कळतं.

आता माझ्या नुकसानीची गोष्ट. १९९९ साली माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती, आणि त्या वर्षी कापसानं दगा दिला होता. आजीनं जाताना डबा मला दिला होता. मी त्यातले आठ रुपये काढले. सगळे राणीचे आणि दाढीवाल्याचे. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात नेले. दुकानदारानं ते हातावर उडवले आणि म्हणाला, ‘बाई, ही जुनी मिसळ चांदी. अर्धी धरतो.’ मी मान हलवली. त्यानं दिले ते पैसे पदरात बांधले आणि निघून आले.

आज हिशेब मांडते. आठ रुपये म्हणजे ९३ ग्रॅम वजन. त्यात शुद्ध चांदी होती साडेपंच्याऐंशी ग्रॅम. त्यानं धरली साडेसेहेचाळीस. म्हणजे जवळपास ३९ ग्रॅम चांदी मी फुकट देऊन आले. आजीच्या आठ रुपयांपैकी साडेतीन रुपयांहून जास्त. विकल्याचं मला दुःख नाही. मुलगी आज नर्स आहे, आणि आजीनं ते रुपये असल्याच वेळेसाठी ठेवले होते. दुःख आहे ते मान हलवल्याचं. नाण्यावरचं साल वाचता येत होतं, पण त्या सालाचा अर्थ ठाऊक नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, वहीत लिहून ठेवा. १९३९ पर्यंतच्या सरकारी छापाच्या एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० ते १९४५ च्या रुपयात सुमारे ५.८ ग्रॅम. झिजलेला असेल तर थोडी कमी. विकायची वेळ आलीच तर त्या दिवसाचा चांदीचा भाव आधी विचारा, घरीच गुणाकार करा, आणि मग दुकानाची पायरी चढा. एका दुकानात विकू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा. एकटी जाऊ नका, गटातली एक जण सोबत न्या. १९४७ चा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. पण चुंबकाला चिकटला नाही म्हणून तो चांदीचाच, असं समजू नका. तांब्या-निकेलची नकली नाणीही चिकटत नाहीत. शेवटी काटा आणि पारख दोन्ही हवेत.

आता मघाशी वाजवलेल्या १९१८ च्या रुपयाकडे येते. त्याची गोष्ट फार लांबची आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातून सैनिक नेले, धान्य नेलं, कापड नेलं. त्याचे पैसे इथं रुपयांत द्यावे लागत. चांदी पुरेना. १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारनं पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली. पण आपल्या माणसांचा कागदावर भरवसा कुठला? लोक नोटा घेऊन खजिन्यावर जायचे आणि म्हणायचे, कागद ठेवा, कलदार द्या. सरकार अडचणीत आलं. तेव्हा अमेरिकेनं १९१८ साली कायदा केला आणि आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. ते डॉलर चांगलेच मोठे, प्रत्येकी पावणेसत्तावीस ग्रॅमचे. असे २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी पाठवली.

म्हणजे बघा, आमच्या खेड्यातल्या बाईनं कापूस वेचून मिळवलेल्या रुपयात अमेरिकेतल्या डॉलरची चांदी असू शकते. आपल्या बायामाणसांनी ‘आम्हाला खणखणीत रुपयाच हवा’ असा हट्ट धरला, म्हणून समुद्रापलीकडे डॉलर वितळले. त्या हट्टात आपल्या आज्या-पणज्याही होत्याच की!

मोठ्या चांदीच्या नाण्यांची हौस काही आपलीच नाही. ऑस्ट्रियाची राणी होती मारिया थेरेसा. ती १७८० मध्ये वारली. तिचा चेहरा असलेलं मोठं नाणं, थेलर म्हणतात त्याला, वजन २८ ग्रॅम. ते आफ्रिकेत इथिओपियाकडे आणि अरबस्तानात येमेनकडे लोकांना इतकं आवडलं की दुसरं नाणं ते हातात धरीनात. मग राणी गेल्यावरही १७८० हेच साल घालून ते नाणं दीडदोनशे वर्षं पाडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात तर ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. आणि तिकडच्या बाया त्याचं काय करत? कडी लावून गळ्यात घालत, नाहीतर वितळवून दागिना करत. आपल्याकडे रुपयांचा हार असतो तसंच. बँक नव्हती, कुलूप नव्हतं, तेव्हा बाईची तिजोरी तिच्या गळ्यातच असायची.

आता आपल्या स्वतंत्र भारताच्या नाण्यांकडे येऊ. एखादी मोठी व्यक्ती किंवा घटना लक्षात राहावी म्हणून जे नाणं काढतात, त्याला स्मारक नाणं म्हणतात. १९६४ मध्ये पंडित नेहरूंचं निघालं, ते निकेलचं. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचं चांदीचं नाणं निघालं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, त्याचंही नाणं निघालं. आणि १९८० साली जे निघालं, त्याचा विषय ऐका: ग्रामीण महिलांची प्रगती! म्हणजे आपल्या नावाचं नाणं. शंभर रुपयांचं मोठं, ३५ ग्रॅमचं, अर्ध्या चांदीचं, हौशी संग्राहकांसाठी. आणि त्याच विषयाचं दहा पैशांचं अ‍ॅल्युमिनियमचं, सगळ्यांसाठी. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बायांनो, ते दहा पैसे तुमच्या हातातून गेले असतील. त्याच्या आपण गोळ्या-बिस्किटं घेतली आणि त्यावर आपल्याविषयी काय लिहिलं आहे ते वाचलंही नाही. ही बारकी नाणी आता चालत नाहीत. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. पण घरात डब्याच्या तळाशी सापडतील. बघा शोधून. त्याचे पैसे मोठे मिळणार नाहीत, पण गटाच्या बैठकीत दाखवायला ते नाणं फार छान आहे.

नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचं म्हणजे बाबासाहेबांचं नाणं. १९९० मध्ये जन्मशताब्दीला एक रुपयाचं निघालं, ते बाजारात चाललं. २०१५ मध्ये १२५व्या जयंतीवर्षात १२५ रुपयांचं निघालं. दीक्षाभूमीला येणाऱ्या कितीतरी घरांत ते एक रुपयाचं नाणं खर्च न करता जपून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

अशी मोठी नाणी सरकारी टांकसाळ स्वतः नोंदणी घेऊन विकते. पण एक स्पष्ट सांगते. त्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा ती पुष्कळ महाग मिळतात, आणि परत विकताना तेवढे पैसे येतीलच असं नाही. हौस म्हणून, नातवंडाच्या बारशाला आठवण म्हणून घ्यायचं तर जरूर घ्या. पण गटाच्या बचतीतून ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊ नका.

हे बोलले, कारण आता एक कडू गोष्ट सांगायची आहे. आमच्याच गटातली. नाव सांगत नाही, ती आता हे ऐकत असेल. तिच्या मोबाईलवर एक चित्र आलं. ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा.’ तिच्याकडे ते नाणं होतं. असणारच, ते सरकारनं चलनात आणलेलं साधं नाणं आहे. तिनं फोन लावला. समोरचा माणूस गोड बोलला. ‘ताई, तुमचं नाणं पास झालं. नऊ लाख मंजूर. फक्त नोंदणीचे १,८५० रुपये पाठवा.’ तिनं पाठवले. मग म्हणाला, कर भरावा लागेल, ६,२०० पाठवा. तेही तिनं पाठवले. त्याच आठवड्यात गटातून शेळीसाठी उचललेल्या कर्जातले. मग फोन बंद.

पंधरा दिवस ती कोणाशी बोलली नाही. बैठकीला आली नाही. शेळी कुठाय, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. कोणी तिला बोल लावला नाही. मी माझी आठ रुपयांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती रडली. मग आम्ही सायबर तक्रारीचा १९३० नंबर लावला. पण पंधरा दिवस झाले होते, पैसे हाती लागले नाहीत. लगेच लावला असता तर अडवता येण्याची शक्यता असते. गटानं ठराव केला, हप्ते लहान करून दिले. कर्ज ती फेडते आहे.

तेव्हा दुसरी गोष्ट लिहून ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी बँक कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकार तिनं कोणालाही दिलेला नाही. सरळ व्यवहार सांगते. घेणारा पैसे देतो, मागत नाही. बैल विकायला गेल्यावर गिऱ्हाईक तुमच्याकडूनच आधी पैसे मागेल का? मग नाण्याचं गिऱ्हाईक का मागतं?

दुर्मिळ नाणी असतात, खोटं नाही. १९११ सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या अंगावरच्या झग्यावर बारीकसा हत्ती काढला होता, पण तो हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. केवढी ओरड झाली! सरकारनं ते रुपये परत घेतले आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट काढून नवे पाडले. म्हणून १९११ चा रुपया हौशी लोक शोधतात. १९३९ चा रुपयाही फार कमी मिळतो. पण जे दुर्मिळ, त्याच्या नकलाही तेवढ्याच. असं नाणं सापडलं तर फोनवर भाव करू नका. जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. नागपुरात १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला. तिथं जाऊन जुनी नाणी एकदा बघा. पोरांना घेऊन जा.

आणि हो, जुन्या रुपयांना चिंच, राख, टूथपेस्ट लावून घासू नका. चकचकीत केलं की हौशी माणसाच्या लेखी त्याची किंमत उतरते. भोक पाडू नका. पूजेला ठेवताना बाजूला कुंकू वाहा, नाण्यावर लेप नको. सुती कापडात कोरडं ठेवा.

तिसरी गोष्ट शेतात राबणाऱ्या बायांसाठी. नांगराच्या फाळाला किंवा विहीर खणताना मडकं लागलं, नाणी निघाली, तर वाटून घेऊ नका, गाळायला देऊ नका. १८७८ चा दफिन्याचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा. कळवलं आणि ते बेवारशी ठरलं, तर सापडणाऱ्याचे तीन हिस्से आणि जमीनमालकाचा एक हिस्सा असं कायदा सांगतो. सरकारनं ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देतात. म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईला सापडलं, तर मोठा हिस्सा तिचा. हे कोणी आपल्याला सांगत नाही.

आणि कळवण्यात आणखी एक पुण्य आहे. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा गावी, सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा सापडला. सोनं नाही, चांदी नाही, हलक्या मिश्र धातूची नाणी. मोडीत काढली असती तर काय आलं असतं? पण ती नागपूरच्या वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाच्या हाती गेली, त्यांनी ती वाचली, आणि पुराणांतल्या यादीत नसलेली राजांची नावंही त्यातून कळली. विदर्भाचा इतिहास असा मातीतल्या मडक्यातून निघाला.

शेवटची गोष्ट. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, गादीला मुलगा नव्हता, आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. वाड्यातले दागिने, जवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले. राजवाड्यातल्या बायांचं डोळ्यांदेखत गेलं, तर आपलं जायला काय वेळ? आज मात्र कायदा आपल्या बाजूनं आहे. जे बाईचं, ते तिचंच. पण तिचं काय आहे, ते कुठंतरी लिहिलेलं हवं. म्हणून आज रात्री डबी उघडा. नाण्यावरचं साल आणि चित्र वहीत लिहा. किती आहेत, कोणाकडून आले, ते लिहा. लेकीला, सुनेला दाखवा.

माझ्याकडे तेरा रुपये उरले. मी तशी वही केली आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे: ‘हे रुपये आजीनं कापूस वेचून मिळवले. आठ रुपये नर्सिंगच्या फीला दिले.’ ते आठही मी वहीत धरले आहेत, कारण ते खर्च झाले, हरवले नाहीत. गेल्या दिवाळीला मुलीनं पहिल्यांदा ते पान वाचलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एक राणीछाप रुपया विकत आणून डब्यात ठेवला. आता चौदा आहेत.

निरोप घेते. जाता जाता आजीच्या रुपयाचा आवाज पुन्हा एकदा ऐका.

(नाणं वाजल्याचा आवाज)

नमस्कार.